अंगभर पुरळ, ताप नाही, कारण सापडत नाही. नाशिककर, मदत करा

गोधडी | सोमवार, रात्री ११:३८

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचनमात्र असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक साडेतीन वर्षांचा. आम्ही म्हसरूळला राहतो, तळमजला, मागे छोटंसं अंगण. गेले पंधरा-सोळा दिवस त्याच्या अंगावर पुरळ येतंय, जातंय, परत येतंय. मोहरीएवढ्या लाल पुटकुळ्या. पाठ आणि पोट यांवर जास्त, काखेपाशी, चड्डीच्या इलॅस्टिकच्या आसपास. हातापायांवर तुरळक. एकदा दोन्ही गालांवरही आल्या होत्या. पाणी धरत नाहीत, पण खाज एवढी की झोपेत पाठ गादीवर घासतो. ताप नाही, सर्दी नाही, खाणंपिणं ठीक, दिवसभर हुंदडतो.

आत्तापर्यंत केलेले उद्योग: जवळच्या दवाखान्यात नेलं, ते म्हणाले ॲलर्जी आहे, सिरप दिलं. तीन दिवस बरं, चौथ्या दिवशी पुन्हा तेच. मग मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, 'सगळ्यावर चालते' म्हणाला. दोन दिवसांत पुरळ दबलं, मग दुपटीने आलं. अंडं बंद, शेंगदाणे बंद, दूध आठवडाभर बंद (पोरगं वैतागलं, मीही). साबण बदलला. गाद्या उन्हात टाकल्या, म्हणजे श्रावणात जेवढं ऊन पडेल तेवढ्यात. त्याचे कपडे तसेही मी वेगळेच धुते, लहान मुलांच्या लिक्विडमध्ये, हाताने. तो सारखा 'बनियन चावतंय' म्हणतो म्हणून सगळ्या बनियनांचे टॅग कापले, नवीन सुती आणली, तरी तेच.

सासूबाई म्हणतात बाई आल्यात (म्हणजे देवीचा कोप), कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घाल. बालवाडीतून निरोप आलाय की डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय पाठवू नका.

सगळ्यात चक्रावणारी गोष्ट म्हणजे राखीपौर्णिमेला सिन्नरला माहेरी गेलो होतो. तिथे तिसऱ्या दिवशी अंग स्वच्छ! चौथ्या दिवशी नाशिकला परत आलो आणि दुसऱ्या सकाळी पाठ लालेलाल. मला तर आता पाण्यावर संशय यायला लागलाय. कुणाला असा अनुभव?

---

वेखंड | सोमवार, रात्री ११:५२

अगं, हे अंगावर पित्त उठतंय. उष्णता आहे पोटात. आमसुलाचं पाणी लाव अंगाला, रात्री सब्जा भिजत घालून सकाळी दुधातून दे. माझ्या तिन्ही मुलांना हेच केलं. दूध बंद करू नकोस बाई लहान लेकराचं.

---

पाथर्डीफाटा | मंगळवार, सकाळी ७:१०

म्हसरूळ-मखमलाबाद म्हणजे द्राक्षबागा शेजारीच. फवारणी. दुसरं काही नाही. वाऱ्याने औषध येतं घरात.

---

लासलगावचा_कांदा | मंगळवार, सकाळी ७:३५

पाण्याचं म्हणाल तर गंगापूर धरणाचं पाणी अर्धं नाशिक पितं. मग अर्ध्या नाशिकला पुरळ हवं. (मला आहे, पण ते मिसळीमुळे.)

---

स्टेथो | मंगळवार, सकाळी ८:०५

गोधडी, मी बालरोग विभागात बरीच वर्षं काम केलंय. इथे बसून निदान करणार नाही, कुणी करत असेल तर ऐकू नका. पण आधी एक गोष्ट आत्ता करून बघा. काचेचा पारदर्शक पेला घ्या, पुरळावर टेकवून दाबा आणि काचेतून बघा. लाली दाबल्यावर फिकी पडते का? फिकी पडत नसेल, लालसर-जांभळे ठिपके तसेच दिसत असतील, तर आजच्या आज हॉस्पिटल. सध्या डेंग्यूचे दिवस आहेत आणि रक्त त्वचेखाली उतरल्याची खूण अशीच दिसते. ताप नसला तरी दाखवायचं.

ओठ-डोळे सुजणं, श्वासाला घरघर, मूल मलूल होणं, कातडी सोलणं, तोंडात फोड, यातलं काहीही दिसलं तरी धाग्यावर विचारत बसायचं नाही. आणि पाच दिवस सलग ताप, डोळे लाल, ओठ फुटलेले, जीभ स्ट्रॉबेरीसारखी असं असेल तर कावासाकी नावाचा आजार असतो, त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धोका असतो आणि उपचार पहिल्या दहा दिवसांत हवेत. तुमच्या मुलाला ताप नाही म्हणजे तो विषय बहुधा नाही, पण इतर आया वाचतील म्हणून लिहून ठेवते.

त्या ट्यूबवरचे घटक वाचून सांगाल का? नावात शेवटी '-सोन' किंवा '-सॉल' असलेलं काही आहे का?

---

गोधडी | मंगळवार, सकाळी ९:२०

पेला लावला, लाली पूर्ण जाते. हुश्श. ट्यूबवर तीन नावं आहेत, एक '-सोन', एक '-झोल' आणि एक '-सिन'.

---

स्टेथो | मंगळवार, सकाळी ९:४१

म्हणजे स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक यांची खिचडी. बंद करा. अशी ट्यूब लावली की लाली दबते, आई खूश होते, खालचा रोग तसाच राहतो. गजकर्ण असेल तर पसरतं आणि इतकं बदलतं की नंतर त्वचारोगतज्ज्ञालाही पटकन ओळखू येत नाही. २०१८ साली सरकारने स्टिरॉइडची मलमं परिशिष्ट 'एच'मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. काउंटरवर काय चालतं ते तुम्ही सांगितलंतच.

आता माझे प्रश्न. घरात अजून कुणाला खाजतंय? बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती आहे का? रात्री खाज वाढते का? गोवराच्या दोन्ही लसी झाल्यात ना, नऊ महिन्यांची आणि सोळा ते चोवीस महिन्यांमधली?

---

मुळीच_नाही | मंगळवार, सकाळी १०:१५

खरूज! आमच्याकडे सहा महिने 'ॲलर्जी'वर औषध चाललं होतं. शेवटी एका बाईंनी भिंगातून बघितलं आणि आख्ख्या घराला एकाच रात्री मानेपासून पायापर्यंत मलम चोपडायला लावलं, आठवड्याने परत. सासरे 'मला नाही खाजत' म्हणून लावेनात, त्यांच्याकडूनच परत आली.

---

द्वारकासर्कल | मंगळवार, सकाळी १०:५८

ॲसिड किडा असेल का? पावसाळ्यात ट्यूबलाइटवर येतो तो, मुंगीसारखा लांबट, काळा-नारिंगी. चावत नाही, पण अंगावर चिरडला गेला की त्यातल्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. माझ्या मानेवर आडवा पट्टा उठला होता, दुसऱ्या दिवशी. तो दिसला तर फुंकर मारून उडवायचा, चापट मारायची नाही.

---

स्टेथो | मंगळवार, सकाळी ११:०६

द्वारकासर्कल, ते पट्ट्यासारखं उठतं आणि आग होते. इथे विखुरलेल्या पुटकुळ्या आहेत. पण पावसाळा आणि किडा, ही दिशा चांगली आहे.

---

बागलाणी | मंगळवार, दुपारी १:३०

पाथर्डीफाटा भाऊ, द्राक्षवाल्यांच्या नावाने बिल फाडायच्या आधी जरा थांबा. मी सटाण्याचा, बाग आहे. नाशिक-दिंडोरी पट्ट्यात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, सप्टेंबर-ऑक्टोबरला, खरी फवारणी तेव्हापासून. आत्ता श्रावणात तिकडे काडी पिकतेय, फार तर बोर्डो मारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. त्याचा निळसर डाग पानावर लांबून दिसतो. अर्ली छाटणी आमच्या बागलाणात असते, तिथून औषध उडत म्हसरूळला येत असेल तर आम्ही ड्रोनवाल्यांचे पैसे वाचवले म्हणायचे.

फवारणीचा त्रास होत नाही असं म्हणत नाही. मजुरांना होतो, हातमोजे घालत नाहीत म्हणून होतो. पण तो हात-मान-चेहरा उघडा असतो तिथे होतो. या पोराला तर झाकलेल्या अंगावर आहे.

---

पाथर्डीफाटा | मंगळवार, दुपारी १:४४

बरं. मग गाजर गवत?

---

स्टेथो | मंगळवार, दुपारी २:२०

१९५५ च्या सुमाराला पुण्यात पहिल्यांदा नोंद झाली त्याची, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या त्वचारोगाच्या ओपीडीला काम पुरवतंय. पण त्याचे रुग्ण बहुतेक मोठी माणसं, शेतात राबणारी. पापण्या, मान, कोपराच्या घड्या. पुन्हा तेच, उघडं अंग. बागलाणींनी नेमकं बोट ठेवलंय.

---

गोधडी | मंगळवार, दुपारी ३:०५

लसी झाल्यात. बोटांच्या बेचक्यात काही नाही. रात्री खाजतं पण दिवसाही खाजतं. ह्यांना मानेवर आणि कानामागे खाजतंय आठवडाभर, ते म्हणतात हेल्मेटचा घाम. मला काहीच नाही, सासूबाईंनाही नाही.

---

वेखंड | मंगळवार, दुपारी ३:१८

बाई येतात तेव्हा घरात एकालाच येतात. सासूबाईंचं ऐकलंस तर काय बिघडतंय?

---

मुळीच_नाही | मंगळवार, दुपारी ३:२५

वेखंडताई, काल पित्त होतं, आज देवी. उद्या काय?

---

वेखंड | मंगळवार, दुपारी ३:३१

उद्याचं उद्या. तुमच्या वयाएवढी बाळंतपणं केलीत मी लोकांची.

---

स्टेथो | मंगळवार, दुपारी ४:१०

भांडण नको. कडुलिंबाच्या कोमट पाण्याने आंघोळ घातली तर माझी हरकत नाही, पाला अंगावर घासू नका एवढंच. आणि कुणी बिब्बा सुचवायच्या आत सांगते, बिब्बा अजिबात नाही. त्याने भाजलेली तान्ही मुलं मी पाहिलीत.

गोधडी, एक विचारते, नीट आठवून सांगा. सिन्नरला त्याने कुठले कपडे घातले होते? तुमच्या घरून नेलेले की तिकडचे? आणि घरी त्याचे कपडे वाळत कुठे घालता? तुमचे कुठे? ह्यांचे कुठे? 'बनियन चावतंय' हे वाक्य मला सकाळपासून टोचतंय.

---

गोधडी | मंगळवार, संध्याकाळी ६:४७

स्टेथोताई, अंगावर काटा आला तुमचा प्रतिसाद वाचून. सांगते.

सिन्नरला जाताना एसटीच्या डिकीत पाणी होतं, बॅग भिजली. त्याचे सगळे कपडे ओले. म्हणून चारही दिवस त्याने मामेभावाचे जुने कपडे घातले. आमचे कपडे आईने आतल्या खोलीत वाळवून तसेच बॅगेत भरून दिले.

इथे माझे आणि सासूबाईंचे कपडे मशिनला, वाळत वरच्या गच्चीवर पत्र्याखाली. त्याचे कपडे मी हाताने धुते ना, ते खाली अंगणातच घालते, त्याच्या उंचीची दोरी आहे, तोही चिमटे लावतो. आणि त्या दोरीवर अजून एकच गोष्ट असते, ह्यांचा पंचा. आंघोळीनंतर लेकाचं तोंडही कधीकधी त्यानेच पुसतात.

म्हणजे एवढी काळजी घेऊन मी वेगळे धुतले तेच कपडे?

---

स्टेथो | मंगळवार, संध्याकाळी ६:५५

दोरीवर काय आहे? म्हणजे वर. झाड?

---

गोधडी | मंगळवार, संध्याकाळी ७:०२

दोरीचं एक टोक भिंतीला, दुसरं शेजारच्या काकूंच्या शेवग्याला. फांद्या आमच्याच अंगणात झुकल्यात.

---

बागलाणी | मंगळवार, संध्याकाळी ७:०९

शेवगा!! ताई, उद्या उजाडलं की खोड बघा. हात लावू नका, नुसतं बघा. पावसाळ्यात शेवग्यावर केसाळ अळी येते, सुरवंट. रात्री वर चढून पाला खातात, दिवसा खोडावर झुंडीने चिकटून बसतात. लांबून झाडाची सालच वाटते. आमच्या बांधावर दरवर्षी असतात. त्यांचे केस गळतात आणि वाऱ्यावर उडतात.

---

लासलगावचा_कांदा | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

आज झोप नाही आता. सकाळी लवकर लिहा हो.

---

गोधडी | बुधवार, सकाळी ७:५०

बघितलं.

पाऊस थांबला होता. छातीएवढ्या उंचीवर खोडाला एक गोणपाटाचा तुकडा अडकलाय असं वाटलं. जवळ गेले तर गोणपाट हलला. शंभरेक तरी असतील, एकमेकांना चिकटून, करड्या-तपकिरी, प्रत्येकीच्या अंगावर पांढुरके लांब केस, त्यावर पावसाचे थेंब अडकलेले. ह्यांनी छत्रीची सावली पाडली तर सगळ्यांनी एकदम डोकी वर केली. मी किंचाळले, काकू बाहेर आल्या. आणि दोरीची गाठ त्या गोणपाटापासून जेमतेम हातभर.

आता बनियनचं काय करू? डोळ्यांना तर काहीच दिसत नाहीये.

---

स्टेथो | बुधवार, सकाळी ८:०२

चिकटपट्टी घ्या. पारदर्शक, रुंद. बनियनच्या आतल्या बाजूला दाबून उचला, काळ्या कागदावर किंवा काळ्या कापडावर धरा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. झटकू नका, घासू नका. मुलाच्या पाठीवरही तशीच पट्टी हलक्या हाताने लावून उचलता येईल, अडकलेली कुसळं निघतात. मग साबणाच्या पाण्याने आंघोळ. डोळा चोळत असेल, लाल असेल तर थेट नेत्रतज्ज्ञ, कारण ही कुसळं डोळ्यात रुतून बसतात.

---

गोधडी | बुधवार, सकाळी ९:१५

आहेत. चिकटपट्टीवर सोनेरी-तपकिरी बारीक रेषा, पापणीच्या केसाच्याही चौथाईएवढ्या. एका बनियनवर मी अकरा मोजल्या आणि मोजणं सोडून दिलं. पंच्यावर त्याहून जास्त. गच्चीवर वाळलेल्या माझ्या गाउनवर एकही नाही.

धुण्याचा काही संबंधच नव्हता. धुऊन स्वच्छ केलेल्या ओल्या कपड्यावर वाळताना येऊन बसायची. ऊन पडलं की मी बाहेर घालायचे, पाऊस असला की आत. म्हणून ते येत-जात होतं! मी मूर्खासारखी अंडी बंद करून बसले.

---

बागलाणी | बुधवार, सकाळी ९:३०

मूर्ख कशाला, आम्ही शेतकरी असून आमच्या घरी दोन पावसाळे घामोळं समजत होतो.

झाडाचं सांगतो. गावाकडे मशाल करून खोडावरच जाळतात. घराजवळ ते करू नका, केस उडून आख्ख्या गल्लीला खाजवत बसतील. सकाळी, वारा नसताना, आधी कपड्याच्या साबणाच्या पाण्याने सगळं चिंब करा. मग लांब दांड्याच्या झाडूने खाली साबणाच्याच पाण्याच्या टबात पाडा. पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल, चष्मा, प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताला. पोराला घरात कोंडा तेवढा वेळ.

---

गोधडी | गुरुवार, रात्री १०:३०

गंगापूर रोडला एका बालरोगतज्ज्ञांना दाखवून आले. चिकटपट्टी पाउचमध्ये घालून नेली होती. भिंगातून पट्टी बघितली, मग पाठ बघितली आणि म्हणाले, जुळतंय. खाजेसाठी सिरप वजनाप्रमाणे लिहून दिलं, सौम्य मलम फक्त पाच दिवस, दिवसातून किती वेळा आणि किती पातळ हे स्वतः लावून दाखवलं. अंडं-दूध आजपासून सुरू करायला सांगितलं. बालवाडीसाठी चिठ्ठी दिली, संसर्गजन्य नाही म्हणून.

अंगणात वाळलेली सगळी बनियनं टाकून दिली. ताई म्हणाल्या तसं पट्टीने साफ करता आली असती, पण माझी हिंमत झाली नाही.

आता काकू. त्या आधी फणकारल्या, 'माझ्या झाडाला नावं ठेवू नकोस, वर्षाला पन्नास घरी शेंगा जातात.' मी चिकटपट्टी दाखवली. त्या जरा वेळ बघत राहिल्या, मग पदर सारून दंड पुढे केला. महिनाभर खाजत होतं, शुगर वाढली असेल म्हणून गोड सोडलं होतं त्यांनी! आज सकाळी काका, हे आणि मी मिळून झाड उतरवलं, म्हणजे अळ्या उतरवल्या. दोन टब भरले. खालच्या तीन फांद्या काकूंनी स्वतःहून तोडून घेतल्या.

---

पाथर्डीफाटा | गुरुवार, रात्री १०:४१

बागलाणी साहेब, शब्द मागे घेतो. जानेवारीत द्राक्षं खायला बोलवा.

---

सिडको_नवीन | शुक्रवार, सकाळी ८:१२

माझ्या मुलीलाही असंच पुरळ आहे पण तळहात-तळपायावर, तोंडात फोडही आहेत. आमच्याकडे शेवगा नाहीये.

---

स्टेथो | शुक्रवार, सकाळी ८:२०

तुमचं वेगळं आहे. आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा, हात-पाय-तोंडाचा आजार असू शकतो. पाणी कमी पीत असेल, लघवी कमी होत असेल तर वाट बघू नका. आणि हो, हा आजार मात्र पसरतो, शाळेत पाठवू नका.

---

गोधडी | पुढचा बुधवार, रात्री ९:५५

धागा वर काढतेय, आभार मानायचे राहिले होते. सहा दिवस झाले, नवीन पुटकुळी एकही नाही. जुन्यांचे नुसते तपकिरी डाग उरलेत, ते महिनाभरात जातील म्हणाले. ह्यांची मान पण शांत, हेल्मेट तेच आहे. दोरी आता व्हरांड्यात आहे, लेकाच्या उंचीवरच, कारण चिमटे लावायचं काम तो सोडायला तयार नाही.

सासूबाईंनी मंगळवारी देवीला दहीभाताचा नैवेद्य दाखवलाच. मी म्हटलं, आई, अळ्या होत्या त्या. तर म्हणाल्या, 'होत्या ना. पण तुला दाखवल्या कोणी?'

---

वेखंड | पुढचा बुधवार, रात्री १०:०१

सासूबाईंना माझा नमस्कार सांग.